आजीचा क्लेम लागत नाही, हे कुणी सांगितलं?

गेला आठवडाभर कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: 'नातवंड अपघातात गेलं तर भरपाईचा हक्क फक्त आई-वडिलांचा, आजी-आजोबांना केस करता येत नाही. पोर कमावतं नसेल तर तसंही काही मिळत नाही. मुदत तीन वर्षं. ड्रायव्हर फौजदारीत सुटला की विषय संपला.' वर 'राँगफुल डेथ', म्हणजे दुसऱ्याच्या चुकीनं झालेला मृत्यू, असं भारदस्त शीर्षक. निम्मा मजकूर अमेरिकेतला, निम्मा चहाच्या टपरीवरचा. अमेरिकेत राज्यागणिक याचा कायदा बदलतो. तो कसबा बावड्याच्या कोर्टात काय कामाचा?

आपल्याकडे १८५५ चा फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट आहे. कंपनी सरकारच्या काळातला, पण अजून जिवंत. त्यातली भरपाई नवरा, बायको, 'पॅरेंट' आणि मूल यांच्यासाठी. कलम ४ मध्ये 'पॅरेंट' म्हणजे कोण तेही लिहिलंय: आई, बाप, आजोबा, आजी. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या साहेबाला जे सुचलं ते मेसेजवाल्याला सुचलं नाही. तुटलेल्या तारेचा शॉक, पडलेली भिंत असे मृत्यू यात येतात. दावा मयताच्या प्रतिनिधीनं दिवाणी कोर्टात दोन वर्षांच्या आत लावायचा.

गाडीखाली मृत्यू झाला तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १६६. तिथं शब्द आहे 'कायदेशीर प्रतिनिधी', आणि सुप्रीम कोर्टानं त्याचा अर्थ व्यापकच घेतलाय. १९८७ मध्ये, जुन्या कायद्याखाली, भावाचा क्लेम मान्य झाला. २०२१ मध्ये जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूचा. मग नातवाला वाढवणाऱ्या आजीनं काय घोडं मारलंय?

मेसेजात थोडं तथ्य मात्र आहे. आई-वडील हयात असतील आणि पोर त्यांच्याकडेच असेल, तर रक्कम बहुतेक त्यांनाच जाते. आजीनं अर्ज केला म्हणून चेक निघत नाही. पोरावाचून तिचं काय गेलं ते दाखवावं लागतं.

ते दिसतं कसं? माझ्याकडे पन्हाळ्याकडच्या एक आजी आल्या होत्या. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली नातू गेलेला. मुलगी आधीच वारलेली, जावई दुसरा संसार थाटून बसलेला. पिशवीतून रेशनकार्ड काढलं, त्यावर पोराचं नाव निळ्या पेनानं वाढवलेलं. मग प्रगतिपुस्तक. 'वकीलसायेब, मी त्याची कोण, हे कुठल्याच कागदावर न्हाई,' म्हणाल्या. पुस्तक उघडलं तर पालकाच्या सहीच्या चौकटीत चारही वेळा त्यांचाच अंगठा. यापेक्षा चांगला पुरावा मी तरी कुठून आणणार होतो! जावई क्लेमच्या अर्जावर सहीला आला नाही म्हणूनही अडलं नाही. जो वारस अर्जात येत नाही त्याला जाबदार, म्हणजे समोरचा पक्षकार, करायचं, ही सोय कलम १६६ मध्येच आहे.

कमाईचं म्हणाल, तर २०१३ च्या किशन गोपाल खटल्यात १० वर्षांच्या मुलाचं वर्षाचं उत्पन्न ३०,००० रुपये धरून ५ लाख मंजूर झाले. ड्रायव्हर सुटल्यानं क्लेम मरत नाही. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे शाबित व्हावा लागतो, इथं निष्काळजीपणा जास्त संभाव्य दिसला तरी पुरतं. २००९ च्या बिमला देवी निकालात हे स्पष्ट आहे.

मेसेजातली सगळ्यात घातकी ओळ मुदतीची. १ एप्रिल २०२२ पासून वाहन अपघाताच्या क्लेमला कायद्यानं ६ महिने दिलेत, तीन वर्षं नव्हे. या तरतुदीला आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर घरी बसू नका. बाराव्याला जमलेल्या भाऊबंदांपैकी कुणीतरी एफआयआर, पंचनामा आणि पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टच्या नकला मागायला लागावं. अपघात बेळगावात झाला आणि आजी कागलात राहत असतील, तर क्लेम कोल्हापूर जिल्ह्यात लावता येतो. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील. त्यासाठी आता रात्रीची मुंबई गाडी पकडायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच आहे.