सामंतांचं महावीरचक्र फक्त चार दिवसांचं नाही

४ डिसेंबर, म्हणजे नौदल दिन आला की सगळ्यांच्या वॉलवर १९७१च्या युद्धातली कराची पुन्हा पेटते. पेटू दे, हक्काचंच आहे. पण त्याच युद्धात नौदल पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) नद्यांमध्येही लढत होतं, आणि तिथे पुढे होते कमांडर मोहन नारायण राव सामंत. आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

सामंत मूळचे पाणबुडीवाले. १९६९ साली सोव्हिएत संघातल्या रीगाला 'करंज' पाणबुडी नौदलात दाखल झाली तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच. १९७१ मध्ये काम आलं भलतंच: बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या पोरांकडून पाकिस्तानच्या ताब्यातल्या बंदरांमधली जहाजं उडवायची. प्रशिक्षण पलाशीला, भागीरथीच्या काठी.

साधारण ५ किलोचा लिंपेट माइन, म्हणजे जहाजाला चुंबकाने चिकटणारा सुरुंग, गमछ्याने छातीशी बांधायचा. भरती-ओहोटी साधून पोहत जहाज गाठायचं. बुडी मारून तळाचं शेवाळ चाकूने खरवडायचं, नाहीतर चुंबक पत्र्याला धरत नाही. फ्यूजमध्ये पाण्यात विरघळणारी गोळी. ती विरघळली की स्फोट. म्हणजे वाटेतच भिजली तर पोहणाराच उडणार! उपाय काय, तर वरून निरोध चढवायचा आणि माइन चिकटवल्यावर काढून टाकायचा. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज, चारही ठिकाणी एकदम दणका बसला.

महावीरचक्राच्या मानपत्रात मात्र डिसेंबरच्या लढाईतल्या चार दिवसांचंच वर्णन. गुप्त मोहिमेबद्दल लिहिणार कोण?

ते दिवसही साधे नव्हते. सामंतांच्या ताफ्यात नौदलाची 'पनवेल', सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा', आणि 'पद्मा' व 'पलाश'. शेवटच्या दोन म्हणजे कोलकाता बंदराच्या बोटी, त्यांवर ४० मिमीच्या बोफोर्स तोफा बसवलेल्या. सुंदरबनच्या खाड्यांतून १० डिसेंबरला मोंगला, मग खुलना. तिथे आपल्याच विमानांनी 'पद्मा' आणि 'पलाश' बुडवल्या. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण होती, हवाई दलाला कळवलंही होतं. पण झेपावणाऱ्या वैमानिकाला बोट दिसते जेमतेम काही सेकंद. तेवढ्यात रंगावर भिस्त ठेवणं जोखमीचंच. हे 'हवाई हल्ल्यात बुडाल्या' असं गुळमुळीत लिहू नये, एवढंच माझं म्हणणं.

'पलाश'च्या इंजिनरूममधले बांगलादेशी नौसैनिक रुहुल अमीन त्या दिवशी गेले. बांगलादेशाने त्यांना वीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंत मागे फिरले नाहीत. 'पनवेल' लढत राहिली, वाचलेल्यांना उचलत राहिली. लीडिंग सीमन चिमण सिंग जखमी असूनही साथीदारांना वाचवत राहिले आणि स्वतः पकडले गेले. सामंत, 'पनवेल'चे कप्तान नोरोन्हा आणि चिमण सिंग: त्या युद्धात नौदलाला मिळालेल्या आठ महावीरचक्रांपैकी तीन याच चिमुकल्या ताफ्यातली.