अर्थिंगची पिन तोडायला सांगणाऱ्या गिटारपंडितास

माझा भाचा लातूरला भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवतो. १४ एप्रिलला जे कार्यक्रम सुरू होतात ते पुढे महिनाभर गावोगाव चालतात. गिटार सेकंडहँड, स्ट्रॅटच्या घाटाची. तारांची थरथर विजेत बदलणारे तीन पिकअप तिला आहेत: पुलाजवळ (खाली तारा जिथे टेकतात तिथे) एक हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा, आणि पुढे दोन सिंगल कॉइल. हमबकरचा आवाज पातळ वाटतो म्हणून तो बदलायचं त्याच्या डोक्यात आलं. इथवर माझी काही तक्रार नाही. पण परवा त्याने एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, "मामा, ह्यात सगळं क्लिअर सांगितलंय. सोळा केचा मागवू का?"

तुमच्याही ग्रुपवर तो आला असेल. 'दुकानदार हे कधीच सांगणार नाही' अशी सुरुवात, मध्ये आगीच्या खुणा, शेवटी 'दहा गिटारवाल्यांना पाठवा'. त्यातले दावे असे: पिकअपला मल्टिमीटर लावा, जितके किलोओहम (म्हणजे 'के') जास्त तितका पिकअप दमदार. सिरॅमिक चुंबक म्हणजे भंगार, अल्निकोच (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं चुंबक) घ्या. जुन्या पीएएफ पिकअपची, म्हणजे गिब्सन कंपनीच्या सुरुवातीच्या हमबकरची, तार आता जगात कुठे मिळत नाही. कुठलाही हमबकर कुठल्याही गिटारला बसतो. लाल तार आवाजाची, काळी अर्थची, बाकीच्या कापून टाका. आणि सगळ्यात शेवटी, हमबकर टाकला की गुणगुण शंभर टक्के बंद. तरी राहिलीच तर ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.

मी परभणीत ॲम्प, मिक्सर दुरुस्त करतो आणि मोटारीही भरतो. शेवटचा दावा आधी घेतो, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे वाया जातील.

पिन तोडल्यावर गुणगुण कधी कधी खरंच कमी होते. नाइलाजाने मान्य. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या बोर्डावर, आणि दोघांमध्ये सिग्नलची वायर, असं असलं की अर्थचा फेरा तयार होतो आणि त्यातून घूं ऐकू येतं. पिन तोडली की फेरा तुटतो. हे एकदा कानाने ऐकलं की माणसाला वाटतं, वा, काय युक्ती आहे.

आता ती पिन करते काय ते बघा. ॲम्पचा पत्रा अर्थला जोडलेला असतो. त्या पत्र्याला गिटारच्या केबलची जाळी जोडलेली, जाळीला गिटारचा पूल आणि पुलाला तारा. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं सतत ॲम्पच्या पत्र्यावरच असतात म्हणा ना. ॲम्पच्या आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर पिन जागेवर असताना करंट अर्थिंगने जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर २३० व्होल्ट तारांवर येऊन थांबतात. वाजवणाऱ्याला तोपर्यंत काहीच कळत नाही. तो कोरस म्हणायला माइककडे झुकतो, माइकची जाळी मिक्सरमार्फत अर्थला, ओठ जाळीला लागतात आणि करंट हातातून छातीतून तोंडाकडे जातो. एमसीबी पडत नाही, कारण माणूस मारायला जितका करंट लागतो तितक्याने एमसीबीला काही होत नाही. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल. मंडपात तो कुणी लावलेला असतो, सांगा बरं?

ही भीती घालायची गोष्ट नाही. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्झी इथे 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक लेस हार्वी याने स्टेजवर माइकला हात लावला आणि शॉक लागून गेला. माइकला अर्थ नव्हता.

आपल्याकडे मंडपात काय असतं ते मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा पाहिलेलं नाही. सॉकेटमध्ये प्लग नाहीच. वायरची टोकं सोलून दोन भोकांत घातलेली आणि सुटू नयेत म्हणून वर काडेपेटीच्या काड्या ठोसलेल्या. तिसरं भोक रिकामं. ती वायर आलेली असते शेजारच्या घरातून, नाहीतर सरळ खांबावरून आकडा टाकून. तिथे पिन तोडा म्हणून सांगायची गरजच नाही, ती अर्ध्या जागी आधीच नसते. उरलेल्या अर्ध्या जागी तरी राहू द्या.

त्या माणसाने कुठेतरी 'ग्राउंड लिफ्ट' हा शब्द वाचला असणार. डीआय बॉक्सवर (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडायची डबी) तशी कळ असते. पण ती सिग्नलच्या वायरची जाळी सोडवते, मेन्सची अर्थिंग नाही. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. तेवढ्याने नाही भागलं तर मध्ये डीआय बॉक्स टाकून ती कळ दाबा. प्लगला हात लावायचं काम नाही.

आता 'शंभर टक्के बंद'. हमबकर गिब्सनच्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने काढला. २२ जून १९५५ ला अर्ज केला, २८ जुलै १९५९ ला अमेरिकेत पेटंट मिळालं, क्रमांक २८,९६,४९१. कुणालाही वाचता येतं. युक्ती अशी की दोन कॉइल शेजारी शेजारी, एकीच्या खिळ्यांना उत्तर ध्रुव तर दुसरीच्या खिळ्यांना दक्षिण, आणि जोडणी अशी की बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रातून आलेली गुणगुण दोन कॉइलमध्ये एकमेकींविरुद्ध जाऊन कटते, तारेचा आवाज मात्र बेरजेत येतो. म्हणजे जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं घूं जातं. एलईडी माळांचे ड्रायव्हर, डिमर, स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर यांची जी चरचर विद्युत क्षेत्रातून येते, ती कटायचं कारण नाही. तिला धातूचं कव्हर लागतं, पिकअपच्या खाचेत तांब्याची फॉइल लागते, आणि त्या दोन्हींना धड अर्थ लागतो. अर्थचा फेरा तर पिकअपच्या पलीकडेच तयार होतो, तिथे हमबकर बिचारा काय करणार? तारांना हात लावल्यावर चरचर कमी होत असेल, तर शिल्डिंगकडे बघा. नवा पिकअप घेऊन ती जाणार नाही.

किलोओहमचा दावा सगळ्यात जास्त लोकांनी गिळलाय. मीटर जो रोध दाखवतो तो तांब्याच्या तारेचा. तो तारेच्या लांबीवर जसा आहे तसाच जाडीवरही आहे. जुन्या घाटाच्या हमबकरमध्ये ४२ एडब्ल्यूजी तार असते (हा तारेच्या जाडीचा नंबर, तो जितका मोठा तितकी तार बारीक), जाडी साधारण ०.०६३ मिलिमीटर, एका कॉइलला सुमारे ५,००० वेढे, आणि दोन्ही कॉइल मिळून सात-साडेसात ते नऊ किलोओहम. तेवढेच वेढे ४४ नंबरच्या तारेने घातले तर आकडा बारा-तेराच्या घरात जातो. वेढा एकही वाढलेला नाही, चुंबक तोच. आमच्या धंद्यात मोनोब्लॉक भरताना कुणी बारीक तार वापरली तर मीटरवर ओहम वाढलेले दिसतात, म्हणून तीन एचपीची मोटार पाचची झाली असं एकाही शेतकऱ्याला पटवता येणार नाही.

आणि हा आकडा हवामानाबरोबर हलतो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. परभणीत डिसेंबरच्या पहाटे १२ अंशाला जो पिकअप ८ किलोओहम दाखवील, तोच मे महिन्यात ४२ अंशाला जवळजवळ ९ दाखवील. मेसेजच्या हिशोबाने उन्हाळ्यात माठाशेजारी ठेवलेली गिटार मवाळ आणि पत्र्याच्या शेडमधली दमदार! महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी तर गिटार सोडूनच द्यावी.

मीटर निरुपयोगी आहे असं नाही. कॉइल तुटलीय का, एकच कॉइल चालू आहे का, हे तो चटकन सांगतो. आणि एकाच कंपनीचे, त्याच तारेचे, त्याच चुंबकाचे दोन पिकअप शेजारी ठेवले तर जास्त ओहमचा थोडा जोरकस निघतो. दाव्यात खरं आहे ते एवढंच.

सोळा के म्हणताना भाच्याच्या डोक्यात सेमूर डंकन कंपनीचा जेबी नावाचा पिकअप असणार. त्याचा आकडा साधारण सोळा-साडेसोळाच आहे. चांगला पिकअप, लाखो लोक वाजवतात. पण त्यात बारीक तार आणि वेढेही जास्त, त्यामुळे इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइल जो अडथळा करते तो) ८ हेन्रीच्या आसपास. जुन्या घाटाचा साडेचारच्या आसपास. इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटी मिळून आवाजाचं शिखर, म्हणजे पिकअप किती हर्ट्झला सगळ्यात जोरात बोलतो ते, कुठे येणार ते ठरतं. सहा मीटरची केबल धरली तर साडेचार हेन्रीला ते २,८०० हर्ट्झच्या आसपास, आठ हेन्रीला २,१०० च्या. शिखर खाली आलं की आवाज जाड होतो, वरची धार कमी होते. डिस्टॉर्शन लावून एकट्याने वाजवायचं असेल तर मजा. पण भाच्या, तुमच्या पार्टीत बँजो आहे, कीबोर्ड आहे, ऑक्टापॅड आहे, आणि गिटारला गाण्याआधीचा तुकडा स्वच्छ काढायचाय. तिथे तो गाळात रुतेल. शिवाय स्विच फिरवून सिंगल कॉइलवर गेलास की आवाज एकदम पडेल, आणि साउंडवाला तुझ्याकडे डोळे वटारील.

म्हणून पैसे काढायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर काढ. पिकअपच्या दोन बाजूंना दोन स्क्रू आहेत, ते पिकअप वर-खाली करतात. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धर आणि खिळा व तार यांत दोन मिलिमीटरच्या आसपास फट येईपर्यंत पिकअप वर घे. तुझा आत इतका बुडालाय की पातळ वाजणारच. मग व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरवायचा रोध) ज्या प्लेटखाली आहे ती उघडून त्यावर काय लिहिलंय ते बघ. सिंगल कॉइलसाठी २५० के चालतो आणि हमबकरला सहसा ५०० के लावतात. २५० च्या पॉटवर हमबकर दबका वाजतो. पॉट पिकअपच्या मानाने फुकटच.

सिरॅमिक भंगार? डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ सालचा, सिरॅमिक चुंबकाचा, आणि मूळच्या पिकअपच्या जागी बदलून टाकायला म्हणून विकल्या गेलेल्या पिकअपांच्या धंद्याची सुरुवातच त्याने केली असं म्हणायला हरकत नाही. स्वस्त पिकअपमध्ये सिरॅमिक असतो कारण तो स्वस्त असतो, हे खरं. तेवढ्यावरून तो वाईट ठरत नाही.

पीएएफची तार जगात मिळत नाही, हे तर ऐकूनच हसू येतं. ती अक्षरं म्हणजे 'पेटंटसाठी अर्ज केलाय' एवढंच सांगणारं स्टिकर. ४२ नंबरची इनॅमल तार आजही तयार होते.

तारांच्या रंगावर मात्र अंधविश्वास नको. डंकनमध्ये काळी आवाजाची, हिरवी अर्थची, लाल-पांढरी एकमेकींना जोडायच्या. डिमार्झिओमध्ये लाल आवाजाची, हिरवी अर्थची, काळी-पांढरी जोडायच्या. मेसेजप्रमाणे लाल-काळी ठेवून बाकीच्या मुळातून कापल्या तर ह्या दोन्हींपैकी कुठल्याच कंपनीचा पिकअप नीट वाजणार नाही, आणि कापलेली टोकं परत जोडायला तो माझ्याच टेबलावर येईल.

राहिलं ते मापाचं. गिब्सनच्या घाटाच्या हमबकरमध्ये पहिल्या खिळ्यापासून सहाव्यापर्यंत साधारण ४९ मिलिमीटर असतं. ट्रेमोलो पुलाच्या गिटारीत तारा त्याहून रुंद असतात, म्हणून कंपन्या ५१ ते ५३ मिलिमीटरचे वेगळे पिकअप काढतात. अरुंद टाकला तर कडेच्या दोन तारा खिळ्यांच्या बाहेर जातात. वाजतात, पण दिसायला आणि कधी कधी ऐकायलाही वाकडं. तेव्हा भाच्या, स्केल घे आणि पिकअपच्या बरोबर वर पहिल्या तारेच्या मधोमधपासून सहाव्या तारेच्या मधोमधपर्यंत मोज. तो आकडा आणि पॉटचा फोटो पाठव. तोवर काही मागवू नकोस.