लाल ठिपका

काळ्या घोड्याजवळचं काम अर्ध्या तासात आटपलं आणि बाहेर ऊन असं, की जिथे एसी तिथे तीर्थक्षेत्र. जहांगीर आर्ट गॅलरीत गेलो असतो तर बरं झालं असतं. 1952पासून तिथे कुणीही घामट माणूस शिरतो, कुणी हटकत नाही. पण दुर्बुद्धी झाली आणि दुसऱ्याच एका काचेच्या दारात शिरलो.

आत एका आधुनिक चित्रकाराची शाईची चित्रं मांडलेली, विक्रीला. गमतीदार होती. दोरीवर वाळत घातलेलं मांजर, किटलीवर मांड ठोकून बसलेले गृहस्थ. किटली मला मनापासून आवडली. किंमत विचारली. टेबलामागच्या मुलीने आधी माझ्या चपला पाहिल्या, मग मला.

"काका, ते ओरिजिनल आहे. पोस्टकार्डं तिकडे."

काका ठीक आहे, केस गेलेत. पण दादरची भाजीवालीसुद्धा भाव सांगते हो, घेणार नाही हे तिला दिसत असतं तरी!

शेजारी एक सफारीवाले आजोबा चित्राला नाक टेकवून उभे होते. "झिरो पॉइंट टू. रोट्रिंगचं पेन," ते स्वतःशीच म्हणाले. "पण हात कापतोय."

सरकारी ड्राफ्ट्समन, रिटायर्ड. 34 वर्षं ट्रेसिंग. "रेघ अशी थरथरली की साहेब ब्लेडने खरवडायला लावायचे." अंगठ्यावरचा वण दाखवला. "आता ही तोटी बघा. निघते कुठून? सेक्शन नाही, माप नाही. चहा येणार कसा?"

मी शहाणपणा केला. म्हटलं, पॉल क्ले नावाचा चित्रकार रेघेला फिरायला न्यायचा.

"न्या की फिरायला. पण सोबत पट्टी नको?"

मग त्यांना फ्रेमखालचे लाल ठिपके दिसले. "तपासणारा मात्र हुशार. चुकल्यात त्यांना लाल खूण केलीय." ती विकली गेलेली चित्रं आहेत, असं मी सांगितलं. "म्हणजे ही पास?" ते हबकलेच. "आणि किटलीला खूण नाही." माणूस मनाने चांगला. तडक टेबलापाशी गेले. "मॅडम, तोटी मी दुरुस्त करून देतो, म्हणजे तीही पास होईल. ब्लेड आहे माझ्याकडे."

आणि खिशातून काढलंच.

वॉचमन धावला. "हे तुमच्याबरोबर आहेत का?" मुलीने मला विचारलं. नाही म्हणेपर्यंत दोघेही फुटपाथवर.

समोर काळा घोडा. मूळ घोड्यावर सातवा एडवर्ड होता. 1965मध्ये पुतळा उचलला, आता तो राणीच्या बागेत आहे. 2017मध्ये हा नवा बसवला, स्वाराशिवाय. आजोबांनी मान तिरकी करून तो नीट तपासला.

"हेही अर्धवटच पास केलंय," म्हणाले आणि चर्चगेटकडे निघून गेले.

किटली कितीची, ते राहिलंच.