बंपरवर टॉयलेट क्लीनर ओतू नका

'जुन्या फियाटचं क्रोम आणि बीडिंग घरच्या घरी नवं करा, पाच सोपे उपाय' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. (बीडिंग म्हणजे गाडीच्या अंगावरच्या चकचकीत धातूच्या पट्ट्या.) माझ्याकडे तो चार वेळा आला आणि चारही वेळा मी सोडून दिला. गेल्या रविवारी तो सांगलीच्या काकांपर्यंत पोचला. काकांची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1974ची, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, पहिल्या दिवसापासून घरातच. सोमवारी फोन आला, "अरे, पुढचा बंपर पिवळट पडलाय. पुसून जात नाही."

पुसून जाणारच नाही, कारण तो डाग नाही, ते निकल आहे.

मेसेजमधला पहिला उपाय असा: 'बंपरवर टॉयलेट क्लीनर लावा, दहा मिनिटं ठेवा, गंज गायब.' बंपर लोखंडी पत्र्याचा असतो. त्यावर बहुधा आधी तांब्याचा, मग निकलचा आणि सगळ्यात वर क्रोमचा थर चढवतात. हा क्रोमचा थर जेमतेम अर्धा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. गंजापासून खरं संरक्षण करतं ते खालचं निकल. क्रोम फक्त निळसर झाक देतं आणि निकलला काळवंडू देत नाही. आपल्याकडच्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि क्रोम नेमकं त्यातच विरघळतं. काकांनी दहा मिनिटं मोजून ठेवलं. बंपरच्या मधोमध हातभर पट्टा पिवळा झाला. वरचं क्रोम नाल्यात गेलं. जिथे बारीक छिद्रं होती तिथून ॲसिड आत शिरलं, आणि बुधवारी त्याच जागी नारिंगी ठिपके उमटले. आता उपाय एकच: सगळी प्लेटिंग उतरवून, पत्रा घासून, पुन्हा सगळे थर चढवायचे. जस्ताच्या ओतकामाच्या बॅजवर किंवा अक्षरांवर हे ॲसिड पडलं तर तेवढाही उपाय राहत नाही, ते धातूच खातं. शिवाय मेसेजमध्ये लिहिलंय, 'जास्त गंज असेल तर ब्लीच मिसळा.' ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद गॅरेजमध्ये हे करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाचा मला राग आहे तो या एका ओळीसाठी.

दुसरा उपाय: 'बीडिंगला लोहचुंबक चिकटला तर ते लोखंड, फेकून द्या.' घरातलं इंडक्शनवर चालणारं स्टीलचं पातेलं घ्या. त्याच्या बुडाला चुंबक चिकटतो ना? जुन्या गाड्यांच्या बीडिंगला पुष्कळदा 430 ग्रेडचं स्टेनलेस वापरायचे आणि त्यालाही चुंबक चिकटतो. ही पट्टी चेपली तर आतून हळूहळू ठोकून सरळ होते, बफिंग, म्हणजे यंत्राने घासून पॉलिश, केलं की पुन्हा लखलखते. चुंबकाच्या भरवशावर अशा पट्ट्या भंगारात गेल्या तर परत कुठून आणणार? चुंबकापेक्षा डोळे वापरा. प्लेटिंगला फोड येतात, पापुद्रे सुटतात. स्टेनलेसला तसं होत नाही.

तिसरा उपाय, जुनी बीडिंग स्क्रू ड्रायव्हरने उचकटून नवी सिलिकॉनने चिकटवा. स्क्रू ड्रायव्हरने रंग जातो, क्लिपा तुटतात. कडेला मास्किंग टेप लावून प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप सोडवा आणि क्लिपा डब्यात जपून ठेवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. क्लिपांच्या भोकांच्या कडेला उघडा पत्रा असतो, त्याला हे ॲसिड लागलं की तिथूनच गंज सुरू होतो. आधी त्या कडांना प्रायमर लावा, मगच नवी पट्टी बसवा.

चौथा, काचेच्या रबराला डिझेल. रबर फुगतं, मऊ पडतं. नका लावू.

पाचव्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. 'ॲल्युमिनियम फॉइल कोलामध्ये बुडवून क्रोम घासा.' फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे वरवरचा गंज निघतो आणि क्रोमला ओरखडे पडत नाहीत. पण कोला लागत नाही, साधं पाणी पुरतं. जिथे क्रोमच उडालंय तिथे फॉइलनेही काही होत नाही.

मेसेजच्या शेवटी धमकी आहे: 'ट्रिम (म्हणजे हेच क्रोम आणि बीडिंग) चकचकीत नसेल तर व्हिंटेज नोंदणी मिळत नाही.' काका घाबरले ते यानेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021मध्ये झालेली दुरुस्ती पाहा. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज धरतात. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, एवढीच अट. चकाकीचा त्यात उल्लेख नाही. नियमाला मूळ रूप हवंय. मग जुनी अस्सल पट्टी काढून बाजारातली चिकटपट्टी लावण्यात कसला शहाणपणा?

काकांना सांगितलंय, पुढचा बंपर काढून प्लेटिंगवाल्याकडे द्या आणि तांबं-निकलसकट सगळं नव्याने करून घ्या. मागचा अजून शाबूत आहे. शनिवारी सांगलीला जाऊन तो मी स्वतः फॉइल आणि पाण्याने घासणार आहे.