देशाचं नाव लावलेल्या दोन भाषा

भाषेवरून वाद पेटला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: जगात सगळीकडे देश तशी भाषा. अल्बेनियात अल्बेनियन, इंडोनेशियात इंडोनेशियन. जो तो आपली मातृभाषा बोलतो, ती देशाबाहेर कुणी बोलत नाही, आणि भाषांची खिचडी काय ती भारतातच. उदाहरणं निवडणाऱ्याने बहुधा फक्त नावं जुळवून पाहिली असावीत. या दोन भाषा हा दावा खोटा पाडतात, आणि तोही अगदी उलटसुलट बाजूंनी.

‘अल्बेनियन फक्त अल्बेनियात बोलतात.’

अल्बेनियात ती जवळपास सगळे बोलतात, हे मान्य. दक्षिणेकडे ग्रीक बोलणारी गावं आहेत, पण ती सोडून देऊ. २०२३च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या भरली साधारण २४ लाख. शेजारच्या कोसोव्होत सोळाएक लाख लोक राहतात आणि त्यातल्या बहुतेकांची मातृभाषा अल्बेनियनच आहे. उत्तर मॅसिडोनियात सुमारे एक चतुर्थांश लोक अल्बेनियन. शिवाय माँटेनेग्रोतलं उलचिन, सर्बियाच्या दक्षिण टोकाचं प्रेशेव्हो खोरं. हे लोक पोटापाण्यासाठी तिकडे गेलेले नव्हेत. अल्बेनियाने १९१२ साली स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये बसलेल्या युरोपीय सत्तांच्या राजदूतांनी त्याच्या सीमा ठरवल्या. कोसोव्हो बाहेर राहिलं. माणसं जागच्या जागी होती, सरहद्द तेवढी त्यांच्या अंगणातून गेली. बेळगावच्या वाचकाला हे फोड करून सांगायला नको.

खरोखर उठून गेलेलेही आहेतच. १४६८ मध्ये तुर्कांशी झुंजणारा अल्बेनियन सरदार स्कंदरबेग वारला, तुर्कांचा रेटा वाढला आणि एड्रियाटिक समुद्र ओलांडून कितीतरी कुटुंबं दक्षिण इटलीत आणि सिसिलीत जाऊन वसली. त्यांचे वंशज म्हणजे अर्बरेश. त्यांच्या काही गावांत जुन्या वळणाची अल्बेनियन आजही ऐकू येते, आणि इटलीने १९९९च्या कायद्याने तिला अल्पसंख्याक भाषा म्हणून संरक्षण दिलं. जर्मनी, स्वित्झर्लंडमधले अल्बेनियन अलीकडचे.

भारताला सर्वांत परिचित असलेली अल्बेनियन व्यक्ती म्हणजे मदर तेरेसा. त्यांचा जन्म १९१०चा, स्कोप्येचा. म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीतला. अल्बेनियन लिहायला लॅटिन वर्णमाला कशी वापरायची हे १९०८ साली जिथे ठरलं, ते मनास्तिर म्हणजे आजचं बितोला. तेही उत्तर मॅसिडोनियातच!

‘इंडोनेशियन ही तिथल्या २७ कोटींची मातृभाषा.’

इथे गडबड बरोबर उलटी आहे. ही भाषा देशभर समजते. शाळा, कचेऱ्या, टीव्ही, वर्तमानपत्रं सगळीकडे तीच आहे. पण २०१०च्या जनगणनेत घरात रोज इंडोनेशियन बोलणारे जेमतेम पाचातले एक होते. जावानीज बोलणारे त्याहून कितीतरी जास्त. बाकीच्या घरांत सुंदानीज, मदुरीज, मिनांगकाबाउ, बुगीस, बालीनीज… बालीला फिरायला गेलेल्या मराठी माणसाच्या कानावर हॉटेलात इंडोनेशियन पडते, पण देवळातल्या पूजेच्या वेळी गावकरी आपापसात बोलतात ती बालीनीज.

इंडोनेशियन म्हणजे मलय भाषेचंच राष्ट्रभाषा म्हणून घडवलेलं रूप. मग सर्वांत मोठी जावानीज सोडून मलय का उचलली? एक तर मलय ही बंदराबंदरांतल्या व्यापाराची भाषा होतीच. दुसरं, जावानीजमध्ये समोरच्याचा मान पाहून शब्दच बदलतात. आपण तू-तुम्ही-आपण एवढ्यावर भागवतो, फार तर ‘जेवलास’चं ‘जेवलात’ करतो. तिथे स्वतःच्या बरोबरीच्याने खाल्लं तर ‘मांगान’, अदबीने बोलायचं तर ‘नेढा’, आणि वडीलधाऱ्यांनी खाल्लं तर ‘धाहार’. मलयमध्ये सगळ्यांनाच ‘माकान’. नव्या राष्ट्राला हे परवडणारं होतं.

२८ ऑक्टोबर १९२८ रोजी इंडोनेशियातल्या तरुणांनी घेतलेली शपथही नीट वाचावी. आमची मातृभूमी एक, आमचं राष्ट्र एक, असं तिची पहिली दोन कलमं म्हणतात. तिसऱ्यात मात्र ‘एक भाषा’ असं नाहीच. तिथे ‘ऐक्याची भाषा इंडोनेशियन’ असं आहे. घरची भाषा टाका, असं त्या शपथेत कुठेही म्हटलेलं नाही.

‘देशाबाहेर कुणी बोलत नाही.’

बोलतात. पूर्व तिमोर १९७५ ते १९९९ इंडोनेशियाच्या ताब्यात होता. तिथल्या अधिकृत भाषा तेतुम आणि पोर्तुगीज, पण राज्यघटनेत कामकाजाची भाषा म्हणून इंग्रजीच्या जोडीने इंडोनेशियनही आहे. याउलट मलेशियात इंडोनेशियनच बोलतात असं सांगणारेही भेटतात, तेही चूक. मूळ एकच, मलय. पण ‘पेरचुमा’ म्हणजे मलेशियात फुकट आणि इंडोनेशियात व्यर्थ. दुकानदाराशी बोलताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

‘खिचडी फक्त भारतात.’

इंडोनेशियात सातशेहून अधिक भाषा आहेत. यापलीकडे काय बोलणार.

आणि जाता जाता: इंडोनेशियनला नुसतं ‘बहासा’ म्हणायची एक पद्धत पडली आहे. हा शब्द म्हणजे संस्कृतातला ‘भाषा’च. त्यामुळे ‘मी बहासा शिकतोय’ असं कुणी तिथे जाऊन सांगितलं, तर ऐकणाऱ्याने ‘कुठली?’ असं विचारणं अगदी रास्त आहे.