सर्व्हर नाही, तर ॲप कसलं?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपांवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. सार असं: विद्यार्थ्यानं कामांच्या यादीचं ऑफलाइन ॲप करण्यात राम नाही. नेट आता सगळीकडे आहे, सर्व्हर आणि लॉगिन नसलेलं ॲप म्हणजे खेळणं, फोन हरवला की सगळं गेलं, आणि टीमशिवाय हे जमत नाही. मी असंच एक ॲप केलंय, म्हणून बोलतो.

नेट सगळीकडे आहे म्हणणाऱ्यानं आषाढात गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात चार दिवस राहावं. वीज जाते, मागोमाग रेंज. शेवटी यादी मीच माझ्या फोनात लिहिलेली. ती बघायला सर्व्हरची, म्हणजे दूरच्या मशीनची, परवानगी कशाला?

सर्व्हरचं म्हणाल तर मला हवा होता डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायची सोय, आणि तो फोनात आधीच असतो. त्याचं नाव एसक्यूलाइट. ते २००० सालापासून आहे, कुणाच्याही मालकीचं नाही, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असतं. माझं अख्खं टेबल चार रकान्यांचं. पासवर्ड साठवतच नाही, तर फुटणार काय?

आता ‘खेळणं’. गेल्या चवथीला आईनं माटोळीच्या (गणपतीवर टांगतात ती फळापानांची सजावट) सामानाची यादी माझ्या ॲपात घातली: आंबाडे, कांगलां, सुपारीचा घोस. सकाळी सहाची आठवण लावली. रात्री वीज गेली, फोनची बॅटरी संपली, पहाटे वीज आल्यावर फोन चालू केला. सहा वाजले, साडेसहा वाजले, फोन गप्प. फोन बंद झाला की ॲपनं लावलेले सगळे अलार्म अँड्रॉइड पुसून टाकतं. चालू झाल्याची सूचना ऐकून ॲपनंच ते पुन्हा लावायचे असतात. हे मला तेव्हा कळलं. आई म्हणाली, “तुझ्यापेक्षा माझा कागद बरा.” ते दुरुस्त केलं, तर अँड्रॉइड १४ वर दुसरंच: ठरल्या मिनिटाला वाजायची परवानगी नव्या ॲपला आपोआप मिळत नाही, वापरणाऱ्याकडून मागावी लागते. खेळण्यात एवढी डोकेफोड नसते हो.

फोन हरवण्याची भीती मात्र खरी. अँड्रॉइडचा आपोआप बॅकअप एका ॲपला २५ एमबी देतो, नुसत्या अक्षरांच्या यादीला ते रग्गड. पण तो बंद ठेवलेले लोक बरेच, म्हणून ‘प्रत काढा’ असं बटण दिलंय. फाइल स्वतःलाच पाठवून ठेवायची. दोन फोनांवर एकच यादी हवी असेल तर मेसेजवाल्याचं बरोबर, तिथं सर्व्हर लागतो. ते मी केलेलं नाही.

राहिली टीम. कोड एकट्यानं होतो. प्ले स्टोअरचे २५ डॉलरही एकदाच भरायचे. अडतं ते पुढे: नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मी गावच्या भजनी मंडळालाच धरलं. पखवाजवाल्या काकांची कामं रोज गायब होऊ लागली. जाऊन पाहिलं, तर खुणेचा चौकोन इतका बारीक, की त्यांचं बोट शेजारच्या ‘पुसा’वर पडत होतं. चौकोन आता दुप्पट केलाय आणि ‘पुसा’ दुसऱ्या टोकाला नेलंय.