इम्पोर्ट करताना जीपीएस ‘पुसले जाते’, या दाव्याची तपासणी

अ‍ॅक्शन कॅमेरा (हेल्मेटवर किंवा सायकलीवर लावायचा छोटा कॅमेरा) वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच काळ फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर व्हिडिओ संगणकावर घेतानाच त्यातले लोकेशन काढून टाकते, फाइलीचा आकार कमी व्हावा म्हणून हे मुद्दाम केले जाते, कॅमेऱ्यात जीपीएस चालू होते, म्हणजे नोंद झालेलीच होती, आणि एकदा गेलेली नोंद परत मिळत नाही. म्हणून सॉफ्टवेअर काढून जुनी आवृत्ती टाकावी, कार्ड फॉरमॅट करावे आणि यापुढे मार्गाची नोंद फोनवरच ठेवावी. यातले एकेक विधान सुटे करून पाहिले, तर एक अर्धे खरे निघते, बाकीची तपासणीत टिकत नाहीत, आणि कार्ड फॉरमॅट करण्याचा सल्ला तर शिल्लक असलेली नोंदही घालवून बसणारा आहे.

आधी ही नोंद असते कुठे, ते पाहू. फोनवर घेतलेल्या व्हिडिओत साधारणपणे एकच ठिकाण लिहिलेले असते: चित्रीकरण सुरू झाले तेव्हाचे अक्षांश-रेखांश, फाइलीच्या माहितीच्या भागात एका ओळीत. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचे काम निराळे आहे, कारण त्याला ठिकाण नव्हे तर मार्ग नोंदवायचा असतो. गोप्रो या कंपनीच्या कॅमेऱ्याच्या एमपी४ फाइलीत चित्र आणि आवाज यांच्या ट्रॅकशेजारी मेटाडेटाचा, म्हणजे चित्रीकरणाविषयीच्या माहितीचा, स्वतंत्र ट्रॅक असतो. त्याच्या मांडणीला जीपीएमएफ म्हणतात, आणि ती वाचणारा कोड कंपनीने सर्वांसाठी खुला ठेवला आहे. ज्या मॉडेलांत जीपीएस होते, त्यांपैकी बऱ्याच जुन्या मॉडेलांत अक्षांश, रेखांश, उंची आणि दोन प्रकारचे वेग हे पाच आकडे सेकंदाला सुमारे १८ वेळा लिहिले जातात. हिरो ११ या मॉडेलापासून हे प्रमाण सेकंदाला १० वर आले. काही कंपन्यांचे कॅमेरे मात्र ही नोंद व्हिडिओत न ठेवता वेगळ्या फाइलीत ठेवतात, आणि तशा कॅमेऱ्याची केवळ एमपी४ फाइल उचलून आणली, तर काहीही न पुसता मार्ग मागे कार्डावरच राहतो.

आता पहिले विधान, म्हणजे इम्पोर्टमध्ये लोकेशन काढले जाते. ‘इम्पोर्ट’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या क्रिया येतात, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. एकीत फाइल जशीच्या तशी दुसरीकडे ठेवली जाते. दुसरीत चित्र आणि आवाज वाचून नवी फाइल तयार केली जाते. पहिल्या क्रियेत मेटाडेटाचा ट्रॅक गळण्याचे कारणच नाही, कारण नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला फाइलीत काय आहे याच्याशी देणेघेणे नसते. दुसऱ्या क्रियेत तो हमखास गळू शकतो. विधान अर्धे खरे आहे असे म्हटले ते यासाठी. तुमच्या बाबतीत कोणती क्रिया झाली, हे ठरवायला मिनिटभर पुरते: कार्डावरील फाइलीचा आणि संगणकावरील फाइलीचा नेमका आकार बाइटमध्ये पाहावा, आणि दोन्ही सारखे असले तर खात्रीसाठी दोन्हींचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण; मजकूर जरासा बदलला तरी ती बदलते) काढावा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आणि मॅकवर ‘एसएचएसम’ या आज्ञा त्यासाठी असतातच. चेकसम जुळले की सॉफ्टवेअरवरचा आरोप तिथेच संपतो आणि शोध पुढे न्यावा लागतो.

आकार वाचवण्याचा हेतू तर साध्या गणिताने निकाली निघतो. पाच आकडे, प्रत्येकी ४ बाइट, सेकंदाला १८ वेळा, म्हणजे सेकंदाला ३६० बाइट. तासाभराच्या चित्रीकरणात हे जेमतेम १.३ एमबी होतात. सेकंदाला ६० मेगाबिट या दराने तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ सुमारे २७ जीबी जागा घेतो. सत्तावीस जीबीतून सव्वा एमबी वाचवण्यासाठी कोणी खास व्यवस्था करील, हे मानणे अवघड आहे.

जीपीएस चालू होते म्हणजे नोंद झालीच, हे तिसरे विधान सर्वांत जास्त लोकांना चकवते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सेटिंगमध्ये जीपीएस चालू असणे आणि उपग्रहांवरून जागा निश्चित झालेली असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अतिशय क्षीण संकेत पाठवतात. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि सर्व उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. बराच काळ बंद असलेला कॅमेरा खिशातून काढून लगेच बटण दाबले, तर सुरुवातीचा भाग नोंदीविना जाणारच. पाण्याखाली तर संकेत पोहोचतच नाही. जीपीएमएफमध्ये याचा पुरावाही सोबतच असतो: ठिकाण निश्चित झाले की नाही, हे सांगणारा आकडा ०, २ किंवा ३ असतो, आणि अचूकतेचा दुसरा एक आकडा ५०० च्या खाली असला तर नोंद चांगली समजावी. माझ्या एका २६ मिनिटांच्या चित्रीकरणाची फाइल मी अशी उघडली, तेव्हा पहिल्या पन्नासेक सेकंदांपर्यंत तो आकडा ० होता, मग काही क्षण २, आणि त्यानंतर शेवटपर्यंत ३. त्या पन्नास सेकंदांत अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे नव्हते. आदल्या चित्रीकरणाच्या ठिकाणचे आकडे तिथे तसेच पडून होते. नकाशावर रेघ अचानक एका गावाहून दुसऱ्या गावी उडी मारते, ती यामुळे.

शिवाय मुळात कॅमेऱ्यात जीपीएस आहे का, हेही पाहावे. हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण तो विचारावाच लागतो. गोप्रोच्या २०२३ च्या हिरो १२ ब्लॅकमध्ये जीपीएस नव्हतेच. २०२४ च्या हिरो १३ ब्लॅकमध्ये ते परत आले. डीजेआय आणि इन्स्टा३६० या कंपन्यांच्या अनेक कॅमेऱ्यांत ही नोंद वेगळ्या जीपीएस रिमोटवरून येते, आणि रिमोट जोडलेला नसेल तर फाइलीत मार्ग येणार कुठून?

‘परत मिळत नाही’ या विधानामागे बहुतेक वेळा एवढेच घडलेले असते की, नकाशाचा चौकोन रिकामा दिसला. फोटो-व्हिडिओ लावून ठेवणारे कितीतरी प्रोग्राम माहितीच्या भागातली ती एकच ओळ शोधतात; मेटाडेटाच्या ट्रॅकमध्ये ते डोकावतही नाहीत. ओळ नाही म्हणून लोकेशन नाही, असा त्यांचा निष्कर्ष. फाइलीत खरोखर काय आहे, हे पाहण्यासाठी एक्झिफटूल हे मोफत साधन वापरावे. त्यातही साध्या आज्ञेने मार्ग दिसत नाही. आतला ट्रॅक उलगडणारा ‘ईई’ हा पर्याय जोडावा लागतो, आणि तो जोडला नाही तर ‘आत आणखी माहिती असू शकते’ अशी सूचना ते साधन स्वतःच देते. पर्याय जोडल्यावर अक्षांश-रेखांशांच्या शेकडो ओळी सरसर खाली येऊ लागल्या की, नोंद शाबूत आहे हे कळते. त्या ओळींची जीपीएक्स फाइलही (मार्गाची नोंद ठेवणारी फाइल) याच साधनाने तयार करता येते.

खरी गळती बहुधा इम्पोर्टच्या नंतर होते. लांब चित्रीकरण अनेक मॉडेलांत सुमारे ४ जीबीच्या तुकड्यांत मोडलेले असते, आणि गोप्रोच्या नावांत तुकड्याचा क्रमांक आधी, चित्रीकरणाचा क्रमांक नंतर येतो. त्यामुळे नावांनुसार लावलेल्या यादीत जीएक्स०१००४७ नंतर जीएक्स०१००४८ दिसते, आणि पहिल्याचा पुढचा तुकडा जीएक्स०२००४७ कुठेतरी खाली जातो. तुकड्यातुकड्यात आपापल्या वाट्याची नोंद असते. तुकडा सुटला की तेवढा मार्ग सुटतो. तुकडे जोडताना तर जास्तच. व्हिडिओ जोडण्या-बदलण्यासाठी वापरले जाणारे एफएफएमपेग हे साधन सांगितल्याशिवाय चित्राचा एक आणि आवाजाचा एक ट्रॅक उचलते आणि मेटाडेटाचा ट्रॅक सोडून देते. ‘मॅप’ या पर्यायाने सर्व ट्रॅक मागून घ्यावे लागतात. संपादनाच्या प्रोग्राममधून निर्यात केलेल्या फाइलीतही सहसा चित्र आणि आवाज एवढेच उरते. अशा तयार फाइलीकडे बोट दाखवून इम्पोर्टला दोष देणारे मी अनेकदा पाहिले आहेत.

पुन्हा इन्स्टॉल केल्यावर लोकेशन ‘परत आले’ असे काही जण सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. सॉफ्टवेअर आपल्या संग्रहाची एक यादी ठेवते. ती अर्धवट तयार झाली असेल तर नकाशा रिकामा राहतो, आणि नव्याने इन्स्टॉल केल्यावर यादी नव्याने बनते. फाइलीत मात्र काहीच बदललेले नसते. जुन्या आवृत्तीमागे लागण्याआधी ती फाइल संग्रहातून काढून पुन्हा घालून पाहावी. बहुतेकदा तेवढ्यानेही भागते.

कार्ड फॉरमॅट करण्याचा सल्ला मात्र निखालस चुकीचा आहे. इम्पोर्टने नवी फाइल तयार केली असेल, तर मूळ नोंद असलेली एकमेव प्रत कार्डावर आहे, आणि हा सल्ला नेमकी तीच पुसायला सांगतो. ‘इम्पोर्टनंतर कार्डावरील फाइली काढून टाका’ असा पर्यायही याच कारणासाठी बंद ठेवावा. फॉरमॅट करून झालेच असेल तर त्या कार्डावर पुढे काहीही चित्रित करू नये, कारण नुसत्या फॉरमॅटने सहसा यादी जाते, मजकूर लगेच जात नाही, आणि नव्या चित्रीकरणाने त्यावर पाणी फिरेपर्यंत फाइली काढून घेता येण्याची आशा असते. आणखी एक जागा तपासावी: गोप्रो कमी दर्जाची एक सोबतची एलआरव्ही फाइल बनवतो, आणि अनेक मॉडेलांत तिच्यातही हाच मेटाडेटा असतो. मोठी फाइल गेली आणि ही राहिली, असे घडते.

फोनवर मार्ग नोंदवणे वाईट नाही, पण त्याने प्रश्न मिटतो हे खरे नाही, कारण मार्ग आणि चित्र वेळेवरून जुळवावे लागतात. जीपीएक्समधील वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते. एमपी४ मधील वेळही नियमाप्रमाणे यूटीसीच असायला हवी, तरीही बरेच कॅमेरे तिथे आपले स्थानिक घड्याळ लिहून मोकळे होतात, आणि मग सबंध मार्ग काही तासांनी सरकतो. तासांचा फरक निदान लगेच डोळ्यांत भरतो. सेकंदांचा भरत नाही: ताशी ४० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापले जाते, म्हणजे कॅमेऱ्याचे घड्याळ ५ सेकंदांनी मागे असेल, तर नकाशावरचे प्रत्येक वळण ५५ मीटर चुकते. ज्यांना फोनच वापरायचा आहे, त्यांनी चित्रीकरण सुरू करताच फोनवरचे सेकंद दाखवणारे घड्याळ काही क्षण कॅमेऱ्यासमोर धरावे. नंतर त्या चित्रावरून फरक मोजून जीपीएक्स तेवढी पुढे-मागे सरकवता येते.